पाटीवर तीस, रस्त्यावर पन्नास: वेगमर्यादा ठरते तरी कशी?

रस्ता तोच, रुंदी तीच, डांबरही एकाच आठवड्यात पडलेलं. तरी एका खांबावर ५० ची पाटी आणि चार इमारती ओलांडल्या की ३० ची. मधे बदललं काय? गाडी चालवणाऱ्याला काहीच दिसत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून आकडा टाकलाय, असं तो मनाशी म्हणतो आणि पाय होता तिथेच ठेवतो. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या बाईंची तक्रार नेमकी उलटी असते. इथून मुलं शाळेत जातात, तर मर्यादा २० का नाही? अर्ज देऊन वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही.

राग दोघांचाही खरा आहे. पण एक गोष्ट दोघांनाही कुणी सांगितलेली नसते. हा आकडा काढायच्या दोन रीती आहेत आणि बऱ्याचदा त्या एकमेकींना छेद देतात. एक रीत विचारते, लोक इथे किती वेगानं जातात? दुसरी विचारते, इथे धडक बसली तर माणूस वाचेल का? कुठला प्रश्न आधी विचारला, यावर खांबावरचा आकडा ठरतो.

इथे आपण बोलतोय ते घरांसमोरच्या, शाळेजवळच्या, दुकानांच्या रांगेतल्या रस्त्यांबद्दल. महामार्गांचं गणित वेगळं.

लाल झेंड्याचा काळ

वेगमर्यादा मोटारीहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८६५ साली वाफेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी कायदा झाला: गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि गाडीपुढे लाल झेंडा घेतलेला माणूस चालत हवा. ताशी २ मैल म्हणजे आजोबांची संध्याकाळची चाल. १८९६ च्या जानेवारीत वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ केंट परगण्यात ताशी ८ मैलांनी गाडी हाकत निघाला. पोलिसानं सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं आणि दंड झाला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि मर्यादा १४ मैलांपर्यंत वाढली.

पुढचा भाग जास्त बोधक आहे. ती मर्यादा नंतर २० मैल झाली, ती कुणी पाळेना, तेव्हा १९३० मध्ये ब्रिटननं मोटारींवरची मर्यादा चक्क काढूनच टाकली. न पाळला जाणारा कायदा ठेवून कायद्याचीच अब्रू जाते, असा युक्तिवाद होता. १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७ हजारांहून जास्त माणसं मेली, तीही आजच्या मानानं मूठभर गाड्या असताना. मार्च १९३५ पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली. ‘कुणी पाळत नाही, मग ठेवायची कशाला’ हा आजही ऐकू येणारा प्रश्न एका देशानं प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे.

सरसकट नियम, मग अपवाद

प्रत्येक गल्लीचा वेगळा अभ्यास करायचा म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून बहुतेक देश आधी एक सरसकट मर्यादा ठरवतात आणि मग जिथे गरज असेल तिथे अपवाद करतात. सरसकट मर्यादेला दरवेळी पाटी लागतेच असं नाही. ब्रिटनमध्ये ‘वस्ती’ कुठली, हे ओळखायला कायद्यानं रस्त्यावरच्या दिव्यांचा आधार घेतला: दिव्यांचे खांब एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत असतील तर तो वस्तीतला रस्ता. म्हणजे तिथे दिवा हीच पाटी.

स्पेननं मे २०२१ पासून याहून सुटसुटीत नियम लावला. रस्ता आणि पदपथ एकाच पातळीवर असतील तर ताशी २० किलोमीटर. दोन्ही दिशांना एकेकच पदर असेल तर ३०. एका दिशेला दोन किंवा जास्त पदर असतील तर ५०. मला हा नियम आवडतो, कारण चालवणाऱ्यानं पाटी पाहिली नसली तरी नुसतं खाली पाहून त्याला आकडा कळतो.

भारतातही रचना अशीच दोन मजली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे वरची मर्यादा केंद्र सरकार वाहनाच्या प्रकारानुसार ठरवतं. २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० किलोमीटर असा आकडा आहे. तो वाचून लोक दचकतात. पण ते छत आहे, त्याच्या खाली किती ठेवायचं ते राज्य सरकार किंवा त्यानं नेमलेला अधिकारी ठरवू शकतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर योग्य पाटी. निर्बंध महिन्याभराहून जास्त काळ राहणार नसेल तर अधिसूचना लागत नाही. यातून एक गंमत निघते. सोसायटीनं स्वखर्चानं रंगवून बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर लावलेली ‘वेग १० किमी’ ही पाटी कितीही सद्हेतूची असली, तरी कायद्याच्या नजरेत ती विनंती आहे.

विनंतीवरून आठवलं. काही ठिकाणी पाटी अधिकृत असूनही तिच्यावरचा आकडा हुकूम नसतो, सल्ला असतो. अमेरिकेत वळणाआधी पिवळ्या पाटीवर असा सल्ल्याचा वेग लिहितात. तो काढायची जुनी युक्ती मोठी मजेदार आहे. द्रव भरलेल्या वाकड्या काचनळीत एक छोटी पोलादी गोळी, ती नळी गाडीच्या डॅशबोर्डवर बसवायची आणि वळण वेगवेगळ्या वेगांनी घ्यायचं. गोळी किती अंश बाजूला सरकते ते पाहायचं. ठरावीक अंशाच्या पलीकडे गेली की वेग जास्त झाला, कारण त्या क्षणी आत बसलेला माणूसही तसाच एका बाजूला झुकत असतो.

शंभर गाड्यांची रांग

आता पहिली रीत. तिचं मूळ काम कुणालाही करून पाहता येतं, मी एका सकाळी केलं. टेपनं मोजून ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा केल्या. गाडी पहिल्या खुणेवर आली की मोबाइलमधलं स्टॉपवॉच चालू, दुसरीवर बंद. १८० ला सेकंदांनी भागायचं की ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद लागले तर ३०. ३.६ लागले तर ५०. ३ लागले तर ६०.

पहिल्या अर्ध्या तासातली मोजणी मला फेकून द्यावी लागली. वही-पेन घेऊन रस्त्याकडेला उभा असलेला माणूस दिसला की गाड्या आपोआप हळू होत होत्या. मग एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला बसलो आणि आकडे चढले. हातानं वेळ घेण्यात चूकही मोठी होते. तीन सेकंदांत पाव सेकंद इकडेतिकडे झाला तरी वेग चार-पाच किलोमीटरनं बदलतो. म्हणून खरं सर्वेक्षण रडारनं करतात, किंवा रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दोन रबरी नळ्यांनी. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते, कडेच्या पेटीत ठोका नोंदला जातो आणि दोन ठोक्यांमधल्या वेळेवरून वेग निघतो.

मोजताना एक पथ्य पाळतात. ज्याच्यापुढे रस्ता मोकळा आहे, त्याचीच गाडी धरायची. ट्रकमागे अडकलेल्याचा वेग हा ट्रकचा वेग, त्याचा नव्हे. आपल्याला हवं आहे ते असं: अडवणारं कुणी नसताना माणूस या रस्त्यावर किती वेग स्वतःहून पसंत करतो?

अशा शंभर गाड्या घ्या आणि शाळेतल्या प्रार्थनेला उंचीनं उभं करतात तशा वेगानं ओळीत लावा, सगळ्यात हळू पहिली. पंच्याऐंशीव्या गाडीचा जो वेग, त्याला वाहतूक अभियंते ‘८५ टक्क्यांचा वेग’ म्हणतात. शंभरातले पंच्याऐंशी त्या वेगानं किंवा त्याहून हळू जातात, पंधरा त्याहून जोरात. अमेरिकेत कित्येक दशकं रिवाज असा राहिला की हा वेग काढायचा, जवळच्या ५ च्या पटीत बसवायचा आणि तो पाटीवर लिहायचा.

पहिल्यांदा ऐकलं की हे विचित्र वाटतं. परीक्षेत वर्गातल्या पंच्याऐंशी टक्के मुलांना मिळाले तेवढेच गुण पासासाठी ठेवण्यासारखं. पण मागचा विचार अगदीच पोकळ नव्हता. बहुतेक माणसं शहाणी असतात, रस्ता पाहून त्यांना सुरक्षित वेग आपोआप कळतो, बेफाम असतात ती उरलेली पंधरा, असा तो विचार. शिवाय सगळे साधारण एका वेगानं गेले तर ओव्हरटेक कमी, म्हणून धडकाही कमी. १९६४ मध्ये डेव्हिड सॉलोमन या अमेरिकी संशोधकाच्या अहवालानं याला बळ दिलं. सरासरीच्या आसपास चालणाऱ्या गाड्या अपघातात सगळ्यात कमी सापडतात, फार हळू आणि फार जोरात चालणाऱ्या जास्त, असं त्यात दिसलं. ‘हळू चालवणारेच अपघात करतात’ हे वाक्य आपण पारावर ऐकतो, त्याचं मूळ बरंचसं तिथलं.

पण सॉलोमननं मोजले ते रस्ते कुठले?

तो अभ्यास गावाबाहेरच्या मुख्य रस्त्यांचा होता. तिथे ना शाळेची घंटा, ना रस्ता ओलांडणारे आजोबा. अपघातग्रस्त गाड्यांचा आधीचा वेग बराचसा सांगोवांगीवर होता, आणि ‘हळू’ गाड्यांत वळायला थांबलेल्याही धरल्या गेल्या. वळताना मागून धडक बसली तर दोष हळू चालवण्याचा कसा? नंतरच्या अभ्यासांत हळू गाड्यांचा तो धोका बराच विरघळला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं स्पष्ट म्हटलं की ८५ टक्क्यांच्या वेगाला अपघात सगळ्यात कमी होतात, याला भक्कम पुरावा नाही. २०२३ च्या अखेरीस तिथल्या पाट्यांच्या राष्ट्रीय नियमावलीतही या आकड्याचं वजन कमी झालं. आसपासची वस्ती, पायी चालणारे, अपघातांची नोंद यांनाही आता तोलात धरायचं आहे.

माझ्या मते या रीतीतली खरी खोट दुसरीकडे आहे. रांगेत उभ्या केलेल्या त्या शंभर जणांत एकही पायी चालणारा नाही. रस्ता वापरणाऱ्यांचं मत घ्यायचं ठरलं आणि मतदारयादीत फक्त चालक! बरं, मतही गुपचूप सरकत जातं. लोक ५० नं जातात म्हणून मर्यादा ५० केली की पाटीहून थोडं वर जायची सवय असलेले ५५ नं जायला लागतात. काही वर्षांनी पुन्हा मोजणी, पुन्हा वरचा आकडा.

तरी ही मोजणी टाकाऊ समजू नका. मर्यादा ३० आणि ८५ टक्क्यांचा वेग ५५ असेल, तर तो रस्ता आजारी आहे हे त्यातूनच कळतं. थर्मामीटर उत्तम आहे. फक्त त्यावर आला तो आकडा औषध म्हणून लिहून देऊ नये.

शरीराकडून उलटा हिशेब

दुसरी रीत माणसाच्या हाडामांसापासून सुरू होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेनं एक धोरण स्वीकारलं: रस्त्यावर मृत्यू आणि गंभीर इजा शून्य हवी. माणूस चुकणारच हे त्यात गृहीत धरलेलं आहे. चूक झाली तरी जीव जाऊ नये, एवढ्या वेगाची परवानगी. त्यातून आकडे असे निघाले. पायी चालणारे आणि गाड्या एकत्र असतील तिथे ३०. चौकात गाडीला बाजूनं धडक बसू शकते तिथे ५०. समोरासमोर टक्कर होऊ शकते तिथे ७०. तिथल्या लोकांना किती वेग आवडतो, हा प्रश्न यात येतच नाही.

पण ३० आणि ४० मध्ये असा काय फरक? दहाच तर! हे कागदावर मांडून पाहू. चेंडूमागे एक पोर रस्त्यात येतं. चालकाला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत १ सेकंद धरू. हा हिशेब चालकाला झुकतं माप देणारा आहे, प्रत्यक्षात बऱ्याच जणांना दीड सेकंदही लागतो. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले.

३० नं जाणारी गाडी त्या एका सेकंदात ८ मीटरांहून थोडं पुढे सरकते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर. तेरा-साडेतेरा मीटरांवर ती थांबली. पोर बरोबर त्या जागी उभं आहे असं धरा, गाडी त्याच्या पुढ्यात थांबते.

४० नं जाणारी गाडी ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेलेली असते. उरलेल्या दोन-सव्वादोन मीटरांत तिचा वेग उतरून जेमतेम ३५ वर येतो. म्हणजे पहिली गाडी मुळात जेवढ्या वेगानं चालली होती, त्याहून जास्त वेगानं ही आदळते.

५० ची गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते. ती त्या जागी पोचते तेव्हा चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडायचाच असतो. धडक पूर्ण ५० नं.

आपलं मन इथे फसतं, कारण आपण वेग बेरजेत मोजतो: तीस, चाळीस, पन्नास. ब्रेक लागल्यावर लागणारं अंतर आणि धडकेतली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गात वाढतात. ३० चे ५० झाले की ऊर्जा पावणेतीन पट होते. स्वीडनच्याच योरान निल्सन यांनी प्रत्यक्ष आकडेवारीवरून मांडलं की सरासरी वेग बदलला की जीवघेणे अपघात साधारण त्याच्या चौथ्या घातात बदलतात. म्हणजे वेग ५ टक्क्यांनी उतरला तर असे अपघात १८-१९ टक्क्यांनी. पुढच्या संशोधनात शहरी रस्त्यांसाठी हा घात थोडा कमी निघाला, दिशा तीच राहिली.

म्हणून जगभर ३० या आकड्याकडे ओढा आहे. जर्मनीत बुक्स्टेहुडे या गावात १९८३ मध्ये ३० चा विभाग करून पाहिला, ऑस्ट्रियातल्या ग्रात्सनं १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळं शहर त्यात घेतलं, पॅरिसनं ऑगस्ट २०२१ मध्ये. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही पायी चालणारे आणि गाड्या मिसळतात तिथे ३० अशीच शिफारस आहे.

रस्ता एक सांगतो, पाटी दुसरं

आकडा बदलणं स्वस्त आहे, रंग आणि खांब. पण चालक पाटीपेक्षा रस्ता जास्त वाचतो. सरळसोट, रुंद, कडेला काही नाही, लांबवर दिसतंय, असा रस्ता ‘ये, दाब’ म्हणतो. अरुंद, कडेला झाडं, मधेच वळण, फरशी बदललेली, असा रस्ता न बोलता पाय उचलायला लावतो. घरात पाहुणे ओट्यावर चढत नाहीत, तिथे ‘चढू नये’ असं लिहिलेलं नसतं.

इथे एक उलटा पेच आहे. रस्ता आखताना अभियंता ‘आराखड्याचा वेग’ धरतो, म्हणजे वळणं आणि नजरेचं अंतर कुठल्या वेगाला पुरेल तो वेग. काळजी म्हणून तो थोडा वरचाच धरला जातो. मर्यादा ५० ची, आराखडा ६५ चा. मग रस्ता ६५ ला निर्धास्त वाटतो आणि लोक ६५ नं जातात. काळजीपोटी सोडलेली जागा वेगानं खाऊन टाकली.

यावर आपल्या ओळखीचा उपाय गतिरोधक. त्याचा एक जुना नमुना नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञानं, आर्थर कॉम्प्टननं, १९५३ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यासाठी आखला होता. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटिश संशोधन प्रयोगशाळेत जो आकार ठरला तो सुमारे ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, माशाच्या पाठीसारखा सौम्य गोल. असा उंचवटा ठरलेल्या वेगात नुसता झुलवतो, त्यापुढे हापटतो. हातभर रुंदीचा टोकदार उंचवटा मात्र उलटं करतो. त्यावरून हळू गेलं तरी कंबर धरते, आणि जोरात गेलं तर झटका स्प्रिंगच गिळून टाकते. डांबर उरलं म्हणून रात्रीतून घातलेले, न रंगवलेले, आधी पाटी नसलेले गतिरोधक हे दुचाकीवाल्यांसाठी सापळे आहेत, त्यांना वेगनियंत्रण म्हणू नये.

एकटा गतिरोधकही फारसा कामाचा नाही. पुढचा लांब असेल तर मधे लोक भरपाई करतात. म्हणून ठरावीक अंतरानं मालिका लागते. नाहीतर चौकाचं तोंड अरुंद करणं, पादचारी पट्टाच पदपथाच्या उंचीला उचलणं, छोटं वर्तुळ बसवणं. रुग्णवाहिका अडकेल ही शंका रास्त आहे. त्यावर तुकड्यातुकड्यांचे उंचवटे असतात, रुंद चाकांतराची मोठी गाडी त्यांच्या दोन्ही बाजूंनी चाकं टाकून निघून जाते, मोटारीचं एक तरी चाक वर चढतंच.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात साठच्या दशकाच्या अखेरीस याच्याही पुढची पायरी गाठली गेली. निवासी गल्लीतून पदपथ आणि रस्ता हा भेदच काढला, मधे झाडं, बाकडी, खेळायची जागा. गाडीला मज्जाव नाही, पण ती पाहुणी. १९७६ मध्ये तिथे अशा गल्ल्यांना कायदेशीर दर्जा मिळाला.

“कुणी पाळतच नाही, मग आकडा उतरवून काय होणार?”

शंभर टक्के पाळणारं कुणी नसतं हे खरं. पण पाळणं हे असं चालू-बंद बटण नाही. बॉस्टन शहरानं जानेवारी २०१७ मध्ये सरसकट मर्यादा ताशी ३० वरून २५ मैल केली. सरासरी वेगात नजरेत भरेल असा बदल झाला नाही. पण ३५ मैलांच्या वर जाणाऱ्यांची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी घटली. रांगेच्या मधली माणसं होती तिथेच राहिली, शेवटची टोकाची मागे आली. माणसं मारण्याची ताकद त्या टोकातच जास्त असते.

वेल्सची कहाणी थोडी तिखट आहे. तिथे १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली सरसकट मर्यादा ३० वरून २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर झाली. ३० लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. वेग उतरले, जखमींचे आकडेही उतरले, पण काही मोठ्या रस्त्यांवर हा आकडा खरंच पटण्यासारखा नव्हता. शेवटी स्थानिक संस्थांना असे रस्ते निवडून परत ३० करायची वाट मोकळी केली गेली. मला यात माघार दिसत नाही. सरसकट नियम आणि अपवाद या जोडीतला अपवाद आधी कंजूसपणे वापरला होता, तो नंतर नीट वापरला.

“हा नुसता वसुलीचा धंदा”

कॅमेऱ्यांबद्दल हे सर्वत्र म्हटलं जातं, आणि उताराच्या पायथ्याशी झुडपाआड लावलेला कॅमेरा पाहिला की मीही म्हणतो. कॅमेऱ्याचा एक जनक मॉरिस गॅटसोनिडेस हा डच शर्यतपटू होता. वळणावर आपला वेग किती राहतो हे पाहून तो वाढवावा म्हणून त्यानं यंत्र बनवलं! एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्याची मर्यादा सगळ्यांना पाठ आहे: कॅमेऱ्यापाशी ब्रेक, पुढे पुन्हा दाब. त्यापेक्षा दोन ठिकाणी नंबर टिपून मधल्या अंतराची सरासरी काढणारी पद्धत न्याय्य, कारण तिथे एका क्षणाची चूक सापडत नाही, सवय सापडते. वसुलीचा हेतू आहे की नाही, हे ओळखायची माझी साधी खूण: कॅमेरा ठळक पाटीसह, अपघातांची नोंद असलेल्या जागी आहे का?

जाता जाता, गाडीतला काटा तुमच्या बाजूनं खोटं बोलतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतं. काट्यावर ५३ दिसतं तेव्हा रडारवर बहुधा ५० असतं.

“माझा वेळ कोण भरून देणार?”

वस्तीतला दोन किलोमीटरचा तुकडा सलग ५० नं गेलात तर २ मिनिटं २४ सेकंद, सलग ३० नं ४ मिनिटं. फरक ९६ सेकंदांचा, तोही मधे एकही सिग्नल, चौक, आडवी आलेली रिक्षा नसेल तर. प्रत्यक्षात ५० वर पोचून पुढच्या सिग्नलला थांबायचंच असतं. मात्र लांबच्या मुख्य रस्त्यावर रोज वीस किलोमीटर बस चालवणाऱ्याचं गाऱ्हाणं मी उडवून लावणार नाही. म्हणूनच तिथे ५० आणि आतल्या गल्ल्यांत ३० अशी विभागणी करतात. एकाच रस्त्यानं महामार्गही व्हायचं आणि बाजारही व्हायचं, तिथे कुठलाच आकडा बरोबर ठरत नाही.

अर्जात काय मागावं

सुरुवातीच्या बाईंकडे परत येतो. ‘गतिरोधक बसवा’ किंवा ‘मर्यादा २० करा’ असा अर्ज फायलीत पडून राहायची शक्यता जास्त, कारण त्यात उत्तर आहे, प्रश्न नाही. त्यापेक्षा वेगाची मोजणी मागा. कुठल्या दोन ठिकाणांच्या मधे, कुठल्या वेळेत, तेही लिहा. शाळा सुटायची वेळ आणि रात्री रिकामा रस्ता असतानाची, दोन्ही. पायी ओलांडणाऱ्यांची मोजणीही मागा, कारण ती न मागता सहसा होत नाही. त्या रस्त्यावर झालेल्या अपघातांच्या पोलिसांकडच्या नोंदी मागा. झालेल्या अपघातांच्या जोडीला होता होता टळलेले प्रसंग तारखेनिशी स्वतः लिहून ठेवा, त्यांची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही. सध्याच्या मर्यादेची अधिसूचना कुठली, हेही विचारा. कधी कधी असं निघतं की ती नाहीच. आणि मर्यादा बदलल्यावर काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी होणार का, हे लेखी घ्या.

मोजणी मंजूर झाली तर एका सकाळी रस्त्यावर दोन काळ्या नळ्या आडव्या दिसतील आणि खांबाला साखळीनं बांधलेली पेटी. बाहेरच्यांना कुठेही जायला उपयोगी नसलेल्या आतल्या गल्लीत त्या नळ्यांवरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर जरा पाहा. त्यातले बरेच संध्याकाळी त्याच गल्लीत, अर्जावर सह्या केलेल्या घरांसमोर उभे असतात.